मेकॅनिकल ब्रॉडहेड लावल्यावर ग्रुप जुळला, पण बाण आरपार गेला नाही

रानवाट

सगळं सविस्तर सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून जरा लांब लिहितोय.

माझं कंपाउंड धनुष्य (टोकांना कॅम, म्हणजे चाकं असलेलं) ६२ पाउंड ओढीचं, ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढण्याची लांबी) साडेअठ्ठावीस इंच, मी उजव्या हाताचा. बाण कार्बनचा, ३५० स्पाइन (कडकपणाचा आकडा), पुढे १०० ग्रेनचं टोक (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं बारीक माप), एकूण वजन ४३० ग्रेन. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) वेग २६२ फूट प्रतिसेकंद. गेल्या हंगामाआधी फिक्स्ड ब्रॉडहेड (शिकारीचं, पाती कायम उघडी असलेलं टोक) लावून सराव केला, तर ३० यार्डांवर सगळे बाण फील्ड पॉइंटच्या (सरावाच्या बिनपात्याच्या टोकाच्या) डावीकडे पाच-सहा इंच. तिन्ही बाण एकमेकांना चिकटून, म्हणजे हात हलत नव्हता. जागाच चुकत होती. हंगाम तोंडावर आलेला. शेवटी मेकॅनिकल (लागल्यावरच पाती उघडणारे) आणले: दोन पात्यांचे, मागून उघडणारे, दोन इंच कापणारे. पहिल्याच बाणापासून ते फील्ड पॉइंटच्या शेजारी लागायला लागले आणि प्रश्न मिटला असं मी धरून चाललो.

मग व्हाइटटेल हरणाची मादी, २४ यार्डांवर, किंचित पाठमोरी तिरकी. नेम धरला तिथेच बाण लागला. पण जेमतेम आठ-नऊ इंच आत गेला. अर्ध्याहून जास्त बाण बाहेर, पळताना तो मोडला. पलीकडे भोक नाही, आणि पहिल्या पन्नास पावलांत रक्त जवळपास नाहीच. ती सापडली, पण साडेपाच तासांनी. तिला तेवढा वेळ लागायला नको होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता नवीन हंगामासाठी काय घेऊ? दीड इंचाचे? तीन पात्यांचे? पुढून उघडणारे? की मेकॅनिकलचा नादच सोडू?

---

पाणवठा

पहिल्यांदा हे, की तुम्ही साडेपाच तास शोधत राहिलात. ते करायलाच हवं होतं आणि तुम्ही केलंत.

आता ब्रॉडहेडबद्दल. मी गेली बरीच वर्षं मेकॅनिकलच वापरतो आणि सोडणार नाही, पण दोन इंचांचं पातं सगळ्यांसाठी नाही. बाणाकडे जेवढा जोर आहे तेवढाच तो खर्च करणार. थोडा पाती उघडण्यात जातो, थोडा कापण्यात, उरलेला पुढे जाण्यात. कापाची रुंदी वाढवली की पुढे जाण्यातून वजा.

नुसत्या व्यासावर जाऊ नका, एकूण काप मोजा. दोन पात्यांचं दोन इंची ब्रॉडहेड एकूण दोनच इंच कापतं. तीन पात्यांचं दीड इंची घेतलंत तर प्रत्येक पातं पाऊण इंच, म्हणजे एकूण सव्वादोन इंच. व्यास कमी, काप जास्त! म्हणून 'दीड इंचवालं सोपं जाईल' हे दर वेळी खरं नसतं. दोन पात्यांचं दीड इंची खरोखर सोपं जातं.

पुढून उघडणारी आणि मागून उघडणारी यांतला फरकही समजून घ्या. स्पिटफायरसारख्या पुढून उघडणाऱ्यांत पात्यांची टोकं पुढे असतात, कातडीला अडकली की छत्री उलटी व्हावी तशी मागे फिरतात. त्यामुळे आत जातानाचं भोक बहुतेक वेळा लहान आणि बाहेर पडतानाचं मोठं. रेजसारख्या मागून उघडणाऱ्यांत पाती मागे सरकत सरकत रुंद होतात, म्हणून आत जातानाच पूर्ण काप मिळतो. तिरक्या अंगावर पुढून उघडणाऱ्याचं एक पातं आधी अडकतं, दुसरं नंतर, आणि बाण वाट बदलतो. तुमचा नेम तिरका होता, तेव्हा निदान या बाबतीत तुमची निवड चुकली नव्हती.

माझं मत: मागून उघडणारं, दोन पात्यांचं, दीड ते पावणेदोन इंचांचं घ्या. तुमचा जोर त्याला पुरतो.

---

जुना_भाता

पाणवठ्यांनी पात्यांबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. पण रानवाट, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य ब्रॉडहेडबद्दलचं नाहीच. 'फिक्स्ड ब्रॉडहेड डावीकडे पाच-सहा इंच' हे ते वाक्य. धनुष्य तेव्हाच तुम्हाला सांगत होतं. मेकॅनिकल लावून तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत.

आधी हिशेब करू, म्हणजे जोर कमी पडला ही शंका जाईल. बाणाचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. तुमचे ४३० ग्रेन आणि २६२ फूट धरले की साडेपासष्ट फूट-पाउंड येतात. व्हाइटटेलसाठी हे भरपूर आहे, दोन इंची पात्यासकट. एवढा जोर असलेला बाण बरगड्यांमध्ये नऊ इंचांवर थांबला, तर दोनच शक्यता. एक तर जाड हाडावर बसला, नाही तर वाकडा आत गेला. जखम बरगड्यांतच होती ना? खांद्याचं हाड लागलं नव्हतं ना?

बाण सुटताना त्याचं शेपूट दोरीमागे सरळ नसेल, तर तो किंचित आडवा उडतो. फील्ड पॉइंटला पुढे पृष्ठभागच नसतो, त्यामुळे मागची पिसं त्याला लवकर सरळ करतात आणि तुम्हाला काही कळतही नाही. फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती मात्र पुढची पिसं असल्यासारखी हवा धरतात. बाणाचं तोंड जिकडे, तिकडे ती त्याला ओढून नेतात. तुमचे डावीकडे गेले, म्हणजे बाणाचं तोंड डावीकडे आणि शेपूट उजवीकडे होतं. मेकॅनिकलची पाती मिटलेली असताना ते जवळजवळ फील्ड पॉइंटसारखंच वागतं. म्हणून जागेवर लागलं. पण जागेवर लागणं आणि सरळ लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोमच्या टार्गेटमध्ये वाकडा बाणही रुततो. प्राण्याच्या अंगात तसं होत नाही. टोक अडतं, मागचं वजन अजून त्याच वेगाने येत असतं, आणि ते टोकाच्या रेषेत नसेल तर शाफ्ट (बाणाची काडी) वाकतो, थरथरतो, बरगडीवर घासतो. पुढे ढकलायचा जोर आडवा खर्च होतो. त्यात २४ यार्ड म्हणजे पिसांना बाण पुरता सरळ करायला अंतरही कमी.

तेव्हा नवीन ब्रॉडहेडवर एवढ्यात खर्च करू नका. जुने फिक्स्ड काढा. ते तुमचं मोजमापाचं साधन आहे.

---

रानवाट

जुना_भाता, जखम बरगड्यांतच होती. सोलताना पाहिलं, एका बरगडीला कड लागली होती, खांदा शाबूत. तुमचं वाचून पोटात गोळा आला, पण पटलं. मी ब्रॉडहेडला दोष देत होतो. फिक्स्ड ठेवलेत अजून. कुठून सुरुवात करू?

---

जुना_भाता

धनुष्याला हात लावण्याआधी बाण. प्रत्येक बाणावर ब्रॉडहेड बसवा आणि दोन रोलरांवर ठेवून बोटाने फिरवा. रोलर नसतील तर टोक कठीण पृष्ठभागावर टेकवून बाण उभा भोवऱ्यासारखा फिरवा. ब्रॉडहेड जिथे शाफ्टला मिळतं तिथे नजर ठेवा. तिथे लटपट दिसली तर तो बाण बाजूला. बहुतेक वेळा इन्सर्ट (टोक बसवायचा शाफ्टमधला तुकडा) वाकडं बसलेलं असतं किंवा शाफ्टचं तोंड काटकोनात कापलेलं नसतं. असा एक बाण मिसळला तरी पूर्ण ट्यूनिंग (धनुष्य आणि बाण जुळवणं) फसतं, कारण त्याच्या चुकीवर तुम्ही रेस्ट (बाण टेकतो तो आधार) हलवत बसता. आणि पाती उघडी असताना ब्रॉडहेड नेहमी पान्याने घट्ट करा, बोटांनी नाही. तळहात चिरलेले मी पाहिलेत.

मग धनुष्य. दोन्ही कॅम एकाच वेळी अडतात का ते पाहा. रेस्टची मधली रेषा रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या भागापासून) साधारण १३/१६ इंचावर आणा, ती सुरुवात. पाच-सहा फुटांवर ताणून धरलेल्या कागदातून बाण मारा. फाटलेल्या भोकात पिसांच्या खुणा टोकाच्या भोवती सारख्या आल्या तर ठीक. शेपूट एकीकडे फाडत असेल तर किती ते मोजून ठेवा.

यानंतर खरं काम. २० यार्डांवर दोन-तीन फील्ड पॉइंट मारा, तेवढेच फिक्स्ड, त्याच बिंदूवर नेम धरून. साइटला (नेम धरायच्या साधनाला) हात लावायचा नाही. ब्रॉडहेड ज्या बाजूला लागतात, तिकडून फील्ड पॉइंटच्या दिशेने रेस्ट सरकवा. तुमचे डावीकडे लागतात, तर रेस्ट उजवीकडे. खाली लागले तर रेस्ट वर. एका वेळी १/३२ इंचाहून जास्त नाही, आणि एका वेळी एकच दिशा. रेस्ट हलला की फील्ड पॉइंटही थोडे सरकतील, घाबरू नका, दोन्ही ग्रुप (एकत्र लागलेल्या बाणांचे पुंजके) एकमेकांजवळ येतायत का एवढंच पाहा. २० वर जुळले की ३०, मग ४०. दोन्ही एकत्र आले की सगळ्यात शेवटी साइट हलवा.

रेस्ट १३/१६ पासून पाव इंच वगैरे लांब न्यावा लागला तर थांबा. तिथे रेस्टचा दोष नसतो. कॅम कललेला असेल, पिसं कुठे तरी घासत असतील, स्पाइन चुकत असेल, किंवा तुमची पकड. पिसं घासतायत का हे पाहायला पिसांवर पावडर फवारा आणि एक बाण मारा. पावडर कुठे पुसली ते लगेच दिसतं.

---

सई_नेम

वाचतेय आणि वहीत लिहून घेतेय. माझा प्रश्न थोडा वेगळा. माझं धनुष्य ४४ पाउंडांचं, ड्रॉ २६ इंच, बाण ३७० ग्रेन, वेग २०५. वरच्या हिशेबाने साडेचौतीस फूट-पाउंड आले. मला सगळे मेकॅनिकल सुचवतायत, कारण ते ट्यूनिंगशिवाय लागतात. हा धागा वाचून आता धास्ती वाटतेय.

---

जुना_भाता

सईताई, धास्ती योग्य आहे. साडेचौतीस फूट-पाउंडांतला काही भाग पाती उघडण्यात घालवणं तुम्हाला परवडणार नाही. दोन पात्यांचं फिक्स्ड, टोकापासूनच धार असलेलं, एक ते सव्वा इंच रुंद. चांगली परजलेली धार हवी. अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवली की पकडली पाहिजे, घसरली तर पुन्हा परजा.

आणि बाण थोडा जड करा. ३७० चा ४२० केलात तर वेग थोडा कमी होईल, जोराचा आकडा जवळपास तेवढाच राहील, पण संवेग (वजन गुणिले वेग) वाढेल, आणि आत जाण्यासाठी संवेग महत्त्वाचा. वजन पुढे वाढवाल तेव्हा लक्षात ठेवा, १०० च्या जागी १२५ किंवा १५० ग्रेनचं टोक लावलं की बाण सुटताना जास्त वाकतो, जणू स्पाइन मऊ झाली. मग एक पायरी कडक शाफ्ट लागू शकतो. स्पाइनचा आकडा उलटा चालतो: ४०० म्हणजे २८ इंचांच्या आधारावर १.९४ पाउंड वजन मध्ये टांगल्यावर शाफ्ट ०.४०० इंच लवतो. म्हणून ३५० हा ४०० पेक्षा कडक.

डॉ. एड अॅशबी यांनी बाण आत किती जातो यावर वर्षानुवर्षं काम केलं. जाड हाड फोडायला साधारण ६५० ग्रेनचा बाण हवा, असं ते सांगतात. तुम्हाला हरणासाठी तिथपर्यंत जायची गरज नाही. पण त्यांच्या क्रमात सगळ्यांच्या आधी काय येतं, तर बाण सरळ उडणं आणि मोडून न पडणं. वजन त्यानंतर. तो क्रम मला पूर्ण मान्य आहे.

---

पाणवठा

इथे मी थोडा वेगळा बोलतो. सईताईंना फिक्स्ड, शंभर टक्के. पण मेकॅनिकल म्हणजे आळशी माणसाचा मार्ग, असा सूर लागू नये. आडवा वारा असेल तर फिक्स्ड जास्त वाहवतं. रुंद काप असला तर दोन-तीन इंचांची चूक प्राण्याला तडफडत ठेवत नाही, फुफ्फुसाची कड का होईना, कापली जाते. आणि रक्ताचा माग! झाडावरच्या मचाणावरून मारलं की आत जायचं भोक वर असतं, रक्त आतच साचतं. पलीकडे खाली मोठं भोक पडलं तरच जमिनीवर माग मिळतो. मी मेकॅनिकल वापरतो ते या मागासाठी.

---

जुना_भाता

यावर आपलं भांडणच नाही. आरपार गेलेलं मेकॅनिकल मला कुठल्याही अर्धवट अडकलेल्या फिक्स्डपेक्षा केव्हाही चालेल. मी एवढंच म्हणतो: ट्यून फिक्स्डने करा, मग हवं ते लावून शिकारीला जा. फिक्स्ड ४० यार्डांवर फील्ड पॉइंटसोबत लागत असेल, तर मेकॅनिकल सरळच जाणार.

---

नवखा_नेम

मी अजून शिकारीला गेलो नाही, फक्त टार्गेट. मेकॅनिकलचा सराव कसा करायचा? तेच ब्रॉडहेड मारायचे आणि परत शिकारीला वापरायचे?

---

पाणवठा

नाही! फोममध्ये एकदा मारलं की धार गेली. बऱ्याच संचांत सरावाचं वेगळं टोक मिळतं, त्यात पाती अडकवलेली असतात. काहींत बारीक स्क्रूने पाती बंद ठेवता येतात. सराव त्यावर करा. पण प्रत्येक शिकारीच्या ब्रॉडहेडपैकी निदान एक, खऱ्या पात्यांनी, शिकारीच्या अंतरावर मारून पाहाच. टार्गेटपुढे पाऊलभर अंतरावर पुठ्ठा उभा करा आणि त्यातून मारा. पुढून उघडणारं असेल तर पुठ्ठ्यावरचं भोक लहान, गोल हवं, म्हणजे पाती तोवर मिटलेली होती. मागून उघडणारं पुठ्ठाही रुंद चिरू शकतं. पुढून उघडणाऱ्याने पुठ्ठ्यावर लांब चिरा पाडल्या असतील आणि बाण भलतीकडे गेला असेल, तर हवेतच पातं उघडलं असण्याची शंका घ्या. आणि फील्ड पॉइंटच्या पोत्याच्या टार्गेटमध्ये ब्रॉडहेड मारू नका, ते फाटतं आणि बाणही निघत नाही.

पाती धरून ठेवणारी रबरी रिंग किंवा प्लास्टिकची कॉलर ही खर्चायची वस्तू आहे. एक बाण, एक कॉलर. जुनी रबरी रिंग वाळते, बारीक भेगा पडतात, कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या बदला. क्रॉसबोसाठी वेगळी, जास्त घट्ट धरणारी ब्रॉडहेड मिळतात, कारण तिथे धक्का मोठा असतो. साधं ब्रॉडहेड तिथे लावू नका. भात्यात ठेवताना फोमच्या टोपीत पाती दाबली जाऊन अर्धवट उघडतात, म्हणून मचाणावर बसल्यावर पहिलं काम, दोरीवर चढवायच्या बाणाची पाती हाताने नाही, डोळ्यांनी तपासणं.

---

रानवाट

तीन दिवस मैदानावर होतो. सांगतो काय झालं.

सहा बाणांपैकी दोन फिरवल्यावर लटपटले. एकाचं इन्सर्ट मलाच दिसेल इतकं वाकडं. हेच बाण मी गेल्या वर्षी भात्यात घेऊन फिरत होतो. बाजूला काढले.

कागदावर शेपूट आडवं अर्धा इंच फाडत होतं. वर-खाली ठीक. २० यार्डांवर फिक्स्ड डावीकडे साडेतीन इंच. रेस्ट १/३२ उजवीकडे, दोन इंचांवर आले. आणखी १/३२, जेमतेम इंच. मग पुढे हलेचना. रेस्ट हलवला तरी कधी डावीकडे, कधी मध्ये. तेव्हा तुमचं 'पकड' आठवलं. मी मूठ घट्ट आवळतो आणि सुटताना रायझर वळवतो. बोटं सैल सोडून, अंगठ्याच्या मुळाच्या जाड भागावरच धनुष्य टेकवून पुन्हा मारलं, तर ग्रुप आवळला आणि जागेवर आला. म्हणजे त्यातला इंचभर माझ्या हाताचा होता.

आज ४० यार्डांवर तीन फील्ड पॉइंट आणि तीन फिक्स्ड, सहाही चार इंचांत. शेवटी साइट उजवीकडे थोडी सरकवली. मग जुने मेकॅनिकल, सरावाच्या टोकासकट, तेही तिथेच.

कागदावर आता भोक स्वच्छ आहे. पिसांच्या तीन खुणा, मध्ये टोक. तो कागद जपून ठेवलाय.

---

सई_नेम

वा! हे वाचून उद्या माझेही बाण फिरवून बघते. बाण ४२० ग्रेनचा होईल असा शाफ्ट मागवलाय. समतोलाचा बिंदू कुठे असावा?

---

जुना_भाता

रानवाट, फार बरं वाटलं. मुठीचं शोधून काढलंत हे सगळ्यांत अवघड होतं. ती सवय परत येते, तेव्हा हंगामातही आठवड्याला दोन-चार फिक्स्ड मारत राहा. ते डावीकडे जायला लागले की आधी मूठ पाहा, रेस्ट नाही.

सईताई, बाण बोटावर तोलून धरा. नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या शेपटाच्या) खाचेपासून तो बिंदू किती लांब ते मोजा, त्यातून बाणाच्या लांबीचा अर्धा वजा करा, मग लांबीने भागा. २७ इंचांचा बाण १७ इंचांवर तोलला तर १७ वजा साडेतेरा म्हणजे साडेतीन, भागिले २७, जवळपास १३ टक्के. १० ते १५ च्या मध्ये असलं की शिकारीच्या बाणाला ठीक. लांबी नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत, ब्रॉडहेड न धरता. पण तोलताना ब्रॉडहेड लावलेलंच असू द्या. आणि बाण कापताना पूर्ण ताणल्यावर पाती तुमच्या बोटांच्या पुढेच राहतील एवढा लांब ठेवा. थोड्या वेगासाठी त्यात तडजोड करू नका.

---

रानवाट

एक शेवटचं. या वर्षी मेकॅनिकलच नेईन की फिक्स्ड, अजून ठरलं नाही. दोन्ही लागतात म्हटल्यावर निवड जड झालीये.

---

पाणवठा

तुमच्या जोराला दोन्ही चालतील. मला विचाराल तर तेच मागून उघडणारं, पण दीड इंचाचं. त्या भागातल्या वन्यजीव खात्याचे नियम मात्र आधी वाचा, काही ठिकाणी मोठ्या प्राण्यांसाठी मेकॅनिकलला परवानगी नसते, कापाच्या रुंदीलाही किमान मर्यादा असते.

आणि बाण लागल्यावर रक्त पाहून मगच पाय उचला. गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस, अर्धा तास थांबा. गडद लाल असेल तर बहुधा यकृत, चार तास तरी. बाणावर हिरवट घाण आणि वास असेल तर आठ ते बारा तास, आणि तोवर मागावर जाऊच नका.

---

रानवाट

दीड इंचाचे मागवले. फिक्स्ड दोन भात्यात ठेवतोय, दर रविवारच्या सरावासाठी.